एकोणिसावी कोंबडी

साजवडात घरं एकोणीस, आणि वाघदेवाला कोंबड्याही एकोणीस जात. आषाढ लागला, पेरण्या उरकल्या, की सुरुपसिंग पुजारा वेताची टोपली घेऊन दारोदार फिरे. घरटी एक कोंबडी आणि ओंजळभर तांदूळ. गावाच्या शिवेवर सागाचा जुना खांब होता, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेले. त्याच्यापुढे कोंबड्या कापायच्या, मुंडकी ओळीने मांडायची, गावची सगळी गुरं खांबासमोरून न्यायची आणि मग पुरुषांनी तिथेच शिजवून जेवायचं. एवढं केलं की वर्षभर वाघाने गावच्या गुरांकडे बघायचं नाही, असा करार होता. वाघाने तो दरवर्षी पाळला असं नाही, पण गावाने पाळला होता.

नवापूरला आगगाडी येऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती, त्या वर्षीची ही गोष्ट. सुरुपसिंग शमुवेलच्या दारात आला, तेव्हा शमुवेल नांगराचा फाळ ठोकत बसला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी रंगावली नदीच्या पाण्यात बुडून वर आला, तेव्हापासून तो शमुवेल. त्याआधी वंज्या. सुरुपसिंग अजून वंज्याच म्हणे, आणि शमुवेलही ओ देई. गेल्या वर्षी बाप जिवंत होता. त्याने आपल्या हाताने कोंबडी दिली आणि शमुवेलने तिकडे पाठ केली. थंडीत बाप गेला. आता दारात शमुवेलशिवाय कोणी नव्हतं.

त्याने हातोडी खाली ठेवली आणि आठ दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "काका, मी देणार नाही. वाघ देवाने केला. ज्याने केला त्यालाच मी सांगतो."

"सांग की," सुरुपसिंग म्हणाला. "आम्ही कुठे नको म्हणतो? पण कोंबडी दे."

शमुवेलने मान हलवली. आत सुसाना, त्याची बायको, सुपात नागली पाखडत होती. तिचं सूप थांबलं. सुरुपसिंग रागावला नाही. तो रागावला असता तर शमुवेलला बरं वाटलं असतं. म्हाताऱ्याने टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, की मग तुझी गुरं गावच्या कळपात नकोत. उद्या वाघ विचारायला आला, तर आपण त्याला कुठलं घर दाखवायचं?

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा गुराखी धुडकू नेहमीसारखी आरोळी देत गल्लीतून निघाला. दारोदारची गुरं सुटून त्याच्या मागे लागली. शमुवेलची तीन होती: रातड्या आणि चांद्या ही बैलांची जोडी, आणि कवडी गाय. चार वर्षं जंगलात सागाचे ओंडके ओढून त्याने ती जोडी उभी केली होती. गुरांना बाप्तिस्मा कळत नाही. ती दाव्याला हिसके देऊ लागली, आणि शमुवेल दोन्ही पाय रोवून दावी धरून उभा राहिला. धुडकू समोरून गेला. त्याने इकडे पाहिलं नाही, पण आरोळी मात्र शमुवेलच्या दारासमोर आली तशी जरा हळू केली. कवडी दुपारपर्यंत हंबरत होती.

तेव्हापासून शमुवेलच्या दिवसाचे तीन तुकडे झाले. सकाळी भाताच्या खाचरात चिखल करायचा. दुपारी गुरं वरच्या दरीत न्यायची, कारण खालच्या माळावर गावचा कळप असे आणि आपली गुरं त्यात घुसत. संध्याकाळी परत येऊन सुसानाबरोबर रोपं लावायची. बाकीच्या वर्षी लावणीला अख्खा गाव पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात उतरे. बायका गात, आणि दोन दिवसांत एकेकाचं शेत हिरवं होई. या वर्षी येत नाही असं कोणी म्हणालं नाही. कोणी आलं नाही, एवढंच. सुसाना एकटी गुडघाभर चिखलात वाकलेली असे. तिच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी पांढऱ्या पडल्या. संध्याकाळी ती त्यांत मोहाच्या बियांचं तेल चोळी. पलीकडच्या खाचरात शमुवेलचा थोरला भाऊ जेठ्या आणि त्याची बायको मोगराबाई सगळ्या गावासोबत लावणी करत. मध्ये एक बांध होता. गाणं बांधावरून इकडे येई.

पौलस मास्तरांनी शमुवेलला पहिल्याच दिवशी एक लहान प्रार्थना शिकवली होती. मास्तर पलीकडच्या गावात शाळा चालवत आणि दर रविवारी साजवडच्या शिवेवरच्या बांबूच्या झोपडीत उपासना घेत. आजूबाजूच्या पाड्यांतली पाच-सहा कुटुंबं येत, साजवडातलं मात्र एकच. मोठ्या प्रार्थना शमुवेलच्या जिभेवर बसत नसत. ही बसली. रोज सकाळी जुवावर हात ठेवून तो म्हणे, "जमीन तुझी, पाणी तुझं, बी तुझं, बैल तुझे, आम्ही तुझे." आणि मग बैलांना हाक देई. सगळं एका मालकाचं, ही गोष्ट त्याला फार सोपी आणि मोकळी वाटे. खांबाचा वेगळा, पावसाचा वेगळा, धान्याची माय वेगळी, एवढ्यांची मर्जी सांभाळता सांभाळता त्याच्या बापाची पाठ वाकली होती.

त्याच दिवसांत घरची एक कोंबडी दिसेनाशी झाली. पायांवर पिसं असलेली, चांगली अंड्यावरची होती. खुराड्याला मागून भोक होतं, तेव्हा मुंगसाचंच काम. शमुवेलने भर पावसात अर्धा दिवस बसून बांबूच्या कामट्यांनी भोक विणून बंद केलं. सुसाना शेजारी बसून एकेक कामटी त्याच्या हातात देत होती. ती काही बोलली नाही, आणि दमली असेल म्हणून त्यानेही विचारलं नाही.

वाघ आला तो आषाढाच्या मध्यावर. आधी धुडकूच्या डोळ्यांदेखत कळपातली एक वासरी गेली. चार दिवसांनी सुरुपसिंगचा गोऱ्हा. मग एक म्हैस, तिला अर्धी खाऊन टाकली. मग जेठ्याची गाभण गाय. पाचवा एक म्हातारा बैल, तो गेला तर त्याच्या मालकाला फारसं वाईट वाटलं नाही, पण गेला तो गेलाच. गावाने खांबाला पुन्हा शेंदूर लावला. पाचही जनावरं खालच्या माळावरून गेली, गावच्या कळपातून. आणि वरच्या दरीत, जिथे दिवसासुद्धा अंधार असतो, तिथे शमुवेलची तीन गुरं महिनाभर चरत होती आणि त्यांच्या कातड्याला ओरखडा नव्हता.

पौलस मास्तरांच्या तोंडावर असं तेज शमुवेलने कधी पाहिलं नव्हतं. रविवारी त्यांनी सिंहांच्या गुहेत टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. देवाने सिंहांची तोंडं कशी बंद केली ते सांगितलं. आणि मग शमुवेलला उभं केलं. "बंधूंनो, गुहा लांब नाही. ती आपल्या दरीत आहे. शमुवेल, तुम्ही स्वतः सांगा."

शमुवेलला पहिल्यांदा बोलताच येईना. मी कोंबडी दिली नाही आणि देवाने माझी गुरं राखली, एवढं म्हणून तो खाली बसला. लोक "आमेन" म्हणाले. चौदा माणसांनी एकदम आमेन म्हटलेलं ऐकून त्याच्या छातीत काहीतरी फुगलं. दुसऱ्या रविवारी त्याने जरा लांबवून सांगितलं. तिसऱ्या रविवारी दरीत एकदा वाघाची डरकाळी ऐकू आली होती आणि आपण नुसता हात वर केला, असंही त्यात आलं. डरकाळी आली होती हे खरं. हात त्याने वर केला होता तो घोंगडीवरचं पाणी झटकायला. आता हे सांगायची काय गरज, असं त्याला वाटलं. मास्तरांनी ही सगळी हकिगत मिशनच्या साहेबाला पत्राने कळवली.

चौथ्या सोमवारी जेठ्या आपली उरलेली दोन गुरं घेऊन दारात उभा राहिला. भाऊ भाऊ वर्षभर धड बोलले नव्हते. जेठ्या बैलाच्या पाठीकडे बघत म्हणाला, "ही तुझ्यात लावू का?"

शमुवेलला नाही कसं म्हणवणार? दुसऱ्या दिवशी आणखी एक घर आलं. आठवड्याभरात सहा घरांची अकरा गुरं त्याच्याकडे लागली. सुरुपसिंगचे दोन बैलसुद्धा, ते मात्र म्हाताऱ्याने सुनेबरोबर पाठवले. कळपातून काढलेला माणूस कळपाचा धनी झाला. धुडकू बिचारा उरलेली गुरं घेऊन माळावर बसून राही आणि शमुवेल दिसला की राम राम करी. ज्यांनी गुरं लावली त्यांच्या घरची माणसं एकेक करून त्याच्या अडलेल्या खाचरात लावणीलाही उतरली. सुसानाची पाठ थोडी सरळ झाली. फक्त ओढ्याकाठचा शेवटचा तुकडा राहिला.

एक भानगड मात्र झाली. गुरं आणताना प्रत्येक घराने एक कोंबडी आणि ओंजळभर तांदूळ आणला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. राखणाऱ्याला द्यायचं ते हे, एवढंच त्यांना माहीत. शमुवेलने खूप सांगितलं, की माझा देव कोंबडी घेत नाही. मोगराबाई म्हणाली, "मग तू घे." सहा कोंबड्या विणून बंद केलेल्या खुराड्यात आल्या आणि दिवसभर एकमेकींना टोचू लागल्या. मास्तर म्हणाले, देवाच्या कामाला वापरू. शमुवेल खुराड्यासमोर उभा राहिला, की त्याला कुठेतरी कसनुसं होई. पण कशाने, ते सापडत नसे.

बातमी नवापूरच्या बाजारात पोचली आणि बाजारातून खाली तापीकडे गेली. ब्राह्मणपुरीचा गिरधर नावाचा एक मोठा शेतकरी तट्टावर बसून, डोक्यावर छत्री धरून, चिखल तुडवत साजवडाला आला. त्याने रातड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वशिंडावर हात फिरवला, दात पाहिले.

"भाऊ, ज्या बैलले वाघ शिवस नही, तो बैल माले दी टाक," तो म्हणाला. "बदलामा मन्हा दोन बैल लई जा. तुन्हं बी भलं, मन्हं बी भलं."

शमुवेलने जरा छाती काढून सांगितलं, की हा देवाने राखलेला बैल आहे, हा द्यायचा नसतो. गिरधर हसला. तट्टावर चढता चढता म्हणाला, "मंग तुन्हा देवले सांग, आम्हनाकडे बी जरा ध्यान ठेव म्हना." शमुवेललाही हसू आलं. रातड्या त्याचं मनगट चाटत उभा होता. त्या दिवशी त्याला वाटलं, आपल्यासारखा सुखी माणूस डोंगरात दुसरा नाही.

मग जेठ्याने सांगितलं, की तोही पाण्यात उतरणार. रविवार ठरला. मास्तरांनी त्याच्यासाठी पांढरं धोतर आणि सदरा पाठवला. शनिवारी दिवेलागणीच्या आधी शमुवेल गोठ्यात कवडीची धार काढत होता आणि उद्या काय बोलायचं ते अर्ध्या आवाजात म्हणून बघत होता. सुसाना येऊन दाराशी उभी राहिली.

"उद्या दादा पाण्यात उतरणार," ती म्हणाली.

"उतरणार."

"तुझ्या बोलण्यावर उतरणार."

"देवाच्या करणीवर."

सुसाना थोडा वेळ पायाने शेण सारत राहिली. मग म्हणाली, "ती कोंबडी मुंगसाने नेली नाही. मी दिली. वाघदेवाला."

शमुवेलच्या हातातली धार भांड्याबाहेर गेली. सुसाना थांबली नाही. थांबली असती तर तिला पुन्हा बोलता आलं नसतं. मोगरावहिनी मागच्या दाराने आली होती. एक मुंडकं कमी पडलं तर सगळ्या गावाच्या बैलांवर येईल, म्हणाली. शमुवेल तेव्हा खाचरात होता. पिसांच्या पायांची कोंबडी हाताशी होती, ती तिने पदराखाली दिली.

"तू प्रार्थना केलीस ना रोज माझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

"केली. मनापासून केली. कोंबडी पण दिली." तिने सांडलेल्या दुधावर पायाने माती सारली. "वाघ कोणाचं ऐकतो, ते मला कुठे माहीत? बैल दोनच आहेत आपले."

त्याने तिला मारलं नाही. रागही नीट येईना, कारण राग कोणावर करायचा तेच कळेना. तो कवडीच्या पोटाला डोकं टेकून बसून राहिला. इतके दिवस दरीत आपण ज्याच्या भरवशावर बसलो, तो कोण होता? देवाने राखलं असेल, तर घरातून चोरून कोंबडी गेलेली दिसूनही राखलं? आणि कोंबडीने राखलं असेल, तर आपण इतके रविवार उभं राहून कोणाचं नाव सांगत होतो? आणि तो हात! पाणी झटकायला वर केलेला हात!

सकाळी तो आधी मास्तरांकडे गेला. मास्तर ओढ्यावर तोंड धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले. "आज बोलू नका," ते शेवटी म्हणाले. "जेठ्याचं होऊन जाऊ द्या. पुढे सावकाश पाहू." मग स्वतःच म्हणाले, "मी साहेबांना लिहिलं आहे हो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की शमुवेलला त्यांचीच कीव आली.

झोपडी भरली होती. जेठ्या पांढऱ्या सदऱ्यात पुढे बसला होता, धुतलेल्या मुलासारखा. दाराबाहेर सुरुपसिंगही उकिडवा बसला होता. त्याचे बैल शमुवेलकडे होते, तेव्हा काय चाललंय ते बघायचा त्याला हक्क होता. मास्तरांनी शमुवेलला न उठवताच गीत सुरू केलं. गीत संपलं आणि शमुवेल आपणच उभा राहिला.

"मी सांगितलं ते खोटं होतं," तो म्हणाला. "आमची कोंबडी गेली होती वाघदेवाला. मला ठाऊक नव्हतं. पण गेली होती. आणि हात मी पाणी झटकायला वर केला होता."

सुसानाने पदर डोळ्यांवर ओढला. मग दाराबाहेरून सुरुपसिंगचा आवाज आला, अगदी साधा. "आम्हाला ठाऊक आहे ते. मुंडकी मीच मांडली. एकोणीस होती."

शमुवेल वळला. "मग माझ्याकडे गुरं का लावली, काका?"

"तुझं दोन्हीकडे आहे म्हणून. आमचं एकीकडेच."

अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ज्याच्या घरची कोंबडी त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं. शमुवेलचे कान तापले. त्याने जेठ्याकडे पाहिलं. जेठ्या म्हणाला, की कोंबडी मोगरानेच नेली, त्यालाही ठाऊक होतंच.

"मग तू पाण्यात कशाला उतरतोस, दादा?"

जेठ्याने विचार केला. त्याला विचार करायला नेहमीच वेळ लागे. "कोंबडी मी पण दिली होती," तो म्हणाला. "माझी गाय गेली. तुझी नाही गेली. म्हणून."

हे ऐकून शमुवेल आणखीच गोंधळला. मास्तरही गोंधळले. त्यांनी हातातलं शास्त्राचं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठेवू या, आज सगळ्यांची मनं स्थिर नाहीत, असं सांगितलं. जेठ्याने सदरा काढून त्याची नीट घडी केली. चिखल लागायला नको म्हणून काखेत धरला.

रविवारी गुरं उपासना संपेपर्यंत बांधलेली असत. उशीर झाल्याने ती भुकेने ओरडत होती. देव कोणाचाही असो, चौदा जनावरांना चारा हवा. दोघे भाऊ ती घेऊन दरीत गेले. पाऊस थांबला होता, पण झाडांतून थेंब पडत होते. शमुवेल एका खडकावर बसला. रोज इथे बसताना त्याच्या पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे. आज पाठीला गार वारा लागत होता.

रातड्या चरत चरत करवंदीच्या जाळीपर्यंत गेला. शमुवेलने पाहिलं आणि त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात जाळी हलली. आवाजसुद्धा झाला नाही. वाघाने रातड्याची मान धरली आणि ती खाली गेली, रोज जू घ्यायला जाई तशी. गुरं उधळली. जेठ्या कुऱ्हाड घेऊन ओरडत धावला. शमुवेल उभा राहिला, त्याने हातही वर केला, या वेळी खरोखर, आणि तोंडातून शब्द निघाला तो "हाड!" कुत्र्याला म्हणतात तसा. वाघाने दोघांकडे एकदा पाहिलं. त्याच्या नजरेत रागही नव्हता आणि भीतीही नव्हती. मग तो एवढा मोठा बैल ओढत ओढत उताराने खाली घेऊन गेला. करवंदीच्या काट्यांना तांबडे केस तेवढे राहिले.

सहा घरांची अकरा गुरं संध्याकाळी धडधाकट आपापल्या दावणीला गेली. गेला तो फक्त शमुवेलचा बैल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक जण येऊन बसून गेला. माणसं वाईट नव्हती. कोणी नावं ठेवली नाहीत. सुरुपसिंग म्हणाला, की तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून कोंबडी वाया गेली; दिलेलं बोलायचं नसतं. मोगराबाईला वाटत होतं, की कोंबडी पिसांच्या पायांची होती, तिथेच चुकलं. धुडकू म्हणाला, वाघाला भूक लागली होती. मास्तरही धावत आले. ज्यांच्यावर देव प्रीती करतो त्यांची तो परीक्षा पाहतो, असं त्यांनी सांगितलं. पण सांगताना ते शमुवेलकडे बघत नव्हते, गोठ्यातल्या मोकळ्या खुंट्याकडे बघत होते. शमुवेलला सगळ्यांचंच पटत होतं आणि कोणाचंच पुरेसं वाटत नव्हतं. खरं बोललो म्हणून बैल गेला, की खोटं बोललो होतो म्हणून? गर्व झाला म्हणून? सुसानाने दिलं म्हणून, की मी दिलं नाही म्हणून? एका बैलामागे इतकी कारणं, आणि बैल एकच होता. त्याला रडू आलं ते कारणांचं नाही. रातड्या मनगट चाटायचा त्याचं आलं, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने रडला.

लोक गेले. सुसानाने सहाही कोंबड्या टोपलीत घालून ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. गुरं मात्र कोणी काढून नेली नाहीत.

मंगळवारी उजाडता उजाडता जेठ्या आला. त्याने आपला पिवळा बैल आणला होता. "ओढ्याकाठचा तुकडा राहिलाय ना?" त्याने विचारलं. "रोपं पिवळी पडतील. चल."

पिवळा बैल चांद्यापेक्षा चांगला वीतभर उंच. दोघांच्या मानेवर जू ठेवलं तर ते एका अंगाला कललं. जेठ्याने चांद्याच्या बाजूला चिंधी गुंडाळून ते जरा वर केलं, तरी कललेलंच. सुसाना रोपांच्या जुड्या घेऊन बांधावर उभी होती. पाणी पायाखाली गार होतं.

"मी पुढच्या रविवारी येऊ का?" जेठ्याने दोर बांधता बांधता विचारलं.

"ये," शमुवेल म्हणाला. "पण मला आता सांगण्यासारखं काही नाही."

"मग येतो," जेठ्या म्हणाला.

शमुवेलने जुवावर हात ठेवला. रोजचीच गोष्ट, हात आपोआप गेला. जेठ्याने डोक्याचं फडकं काढून धरलं. "जमीन तुझी," शमुवेलने सुरुवात केली. "पाणी तुझं. बी तुझं. बैल तुझे." आणि तो थांबला. आतापर्यंत रोज सकाळी हे म्हटलं, पण यात एक राहून जात होतं आणि त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सगळं एका मालकाचं, तर ते सोडून कसं चालेल? पण ते म्हणायचं तर जीभ उचलेना. करवंदीवरचे तांबडे केस त्याच्या डोळ्यांसमोर आले. मालकानेच सोडला होता का त्याला दरीत? की तो आपला आपण आला, आणि मालक बघत राहिला? विचारावं तर कोणाला, आणि कुठल्या तोंडाने? पिवळा बैल अनोळखी जुवाखाली चुळबुळ करत होता. जेठ्या फडकं हातात धरून वाट बघत होता.

बांधावरून सुसाना हळू आवाजात म्हणाली, "वाघ तुझा."

शमुवेलने वर पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि रोपांचं पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं.

"वाघ तुझा," तो म्हणाला. ते त्याला पटलं होतं असं नाही. पुढचं "आम्ही तुझे" म्हणायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने डोळे पुसले, चांद्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोन्ही बैलांना हाक दिली.